सुमित्राबाईंचा आतला माणूस

सुमित्राबाई भडकमकरांचा भाचा ‘आत’ बसलाय, अशी कुजबूज टेक्सासातल्या आमच्या फ्रिस्को गावात पहिल्यांदा झाली ती महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत. आपल्याकडे कुणाचा भाचा आत बसलाय म्हटलं की बायका हळहळतात आणि जामिनाची चौकशी करतात. इथे आत म्हणजे युनिव्हर्सिटीच्या ॲडमिशन ऑफिसात. युनिव्हर्सिटीही साधीसुधी नव्हे. जिच्या नावाचा टी-शर्ट पोरांच्या आधी बापच घालून फिरतात, त्यातली. आरतीनंतर स्वतःभोवती गिरकी घेता घेता एका बाईनं ही बातमी शेजारणीच्या कानात सोडली आणि शेजारणीची गिरकी अर्ध्यावरच थांबली. प्रसाद वाटून होईपर्यंत बातमी बाहेर गाड्यांपर्यंत पोचली होती.

सुमित्राबाई स्वतः असं कधी म्हणाल्या नाहीत. त्या फक्त “आमचा चारू आहे ना तिथे” एवढं म्हणत आणि तीर्थ घेतल्यासारखे डोळे मिटत. पुढचं लोक आपलं आपण बोलत.

बाई मूळच्या सांगलीच्या. तीस-एक वर्षांपूर्वी विष्णुपंतांच्या मागून टेक्सासात आल्या. विष्णुपंत टेलिफोनच्या कंपनीत इंजिनिअर होते; दिवसभर लोकांचं बोलणं जोडून द्यायचं आणि घरी येऊन स्वतः गप्प बसायचं, असा त्यांचा संसार. बाईंना करमेना. म्हणून त्यांनी लग्नं जमवायला घेतली. ह्यूस्टनपासून डॅलसपर्यंत कुठल्याही मराठी घरात मुलगी पंचविशीला आली की बाईंच्या नाकाला वास लागायचा. उपवर मुलांचे मेळावे भरवले, पत्रिका जुळवल्या, न जुळलेल्याही जुळवल्या. जमलेली लग्नं त्या मोजत. मोडलेली मोजायची त्यांना सवय नव्हती.

मग दिवस पालटले. पोरं आपापली बघायला लागली. एकानं पटेलांची मुलगी आणली, एकीनं कोरियन मुलगा आणला, एकानं कुणालाच न आणता कुत्रा पाळला. शेवटच्या मेळाव्याला सात मुली आणि एक मुलगा आला, आणि तोही आईला गाडीतून सोडायला आला होता. धंदा बसला. पण बाई बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांच्या लक्षात आलं की आईबापांची घबराट तीच आहे, फक्त ती सत्ताविसाव्या वर्षाऐवजी सतराव्या वर्षी सुरू होते. लोकांनी पत्रिका आणणं बंद केलं होतं. आता ते मार्कशीट घेऊन येत होते. बाईंनी तोच चष्मा लावला, त्याच सोफ्यावर बसल्या आणि कॉलेजं जमवायला लागल्या.

कुठल्या मुलानं कुठल्या तऱ्हेच्या कॉलेजात अर्ज करावा, यावर त्यांचं एक प्रवचन असे. मराठी शाळा सुटली की तिथल्याच हॉलमध्ये. मी नातवाला आणायला जात असे, त्यामुळे मला ते पाठ आहे.

“हे बघा,” बाई म्हणत, “कॉलेजं म्हणजे स्थळंच. जुनी प्रायव्हेट युनिव्हर्सिटी हे खानदानी स्थळ. त्यांचं आपल्यावाचून अडत नाही. मागतील ते द्यायचं आणि मान खाली घालून जायचं. स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे सरकारी नोकरीतला मुलगा. घरात माणसं फार, तुमच्याकडे लक्ष कुणी देणार नाही, पण उपाशी ठेवणार नाहीत. ती छोटी छोटी कॉलेजं असतात ना, लिबरल आर्ट्स का काय ती? माणसं चांगली हो, पण चारचौघांत नाव सांगितलं की लोक विचारतात, कोण हे? आणि वेटलिस्ट म्हणजे ‘पत्रिका बघून कळवतो’ म्हणणारी मंडळी. ती कधीच कळवत नाहीत.”

“आणि काकू, कम्युनिटी कॉलेज?” मागून एका बापानं भीत भीत विचारलं. “दोन वर्षं इथेच राहून शिकायचं, मग स्टेटला जायचं. आमची मुलगी म्हणत होती...”

“घरजावई,” बाई म्हणाल्या.

तो बाप आपल्या बुटांकडे बघत बसला.

आता ही माणसं कोण, तेही सांगतो. अर्ध्या जगाच्या बँका यांच्या कीबोर्डावर चालतात. घरात व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा तर हे तीन आठवडे रिव्ह्यू वाचतात, दोन आणून बघतात, दोन्ही परत करतात. आणि पोटच्या पोराची चार वर्षं कुठे घालवायची, हे ठरवायला ते अशा बाईसमोर माना डोलवत बसत, जिनं अमेरिकेतल्या एकाच कॉलेजात पाऊल ठेवलं होतं, तेही तिथल्या हिरवळीवर कुणाचं तरी लग्न होतं म्हणून. तिथे शिकवतात काय, हे कुणी विचारत नसे. मुलाला काय शिकायचंय, हे विचारणं तर उद्धटपणाच झाला असता. बाकी बाई पैसे घेत नसत. त्यांना मान लागे. कार्यक्रमाला पहिल्या रांगेतली खुर्ची, जेवणाचं पहिलं ताट आणि दिवाळीला साडी. लग्नं जमवताना हेच मिळे, त्यामुळे बाईंना धंदा बदलल्यासारखं वाटलंच नाही.

आमच्या मागच्या गल्लीत अमित आणि नंदा सरनोबत राहतात. अमित बँकेची कॉम्प्युटरं सांभाळतो, नंदा दातांच्या दवाखान्यात हिशेब बघते. त्यांचा एकुलता एक अक्षत. पोरगा गुणी, पण अबोल. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर न करणारा. गॅरेजमध्ये एक गाडी आणि बाकी सगळे त्याचे दगड. अमितची दुसरी गाडी त्या दगडांपायी उन्हात उभी असते, आणि ही गोष्ट तो प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

त्या उन्हाळ्यात अक्षत एका मित्राच्या घरच्यांबरोबर दुसऱ्या राज्यातलं एक छोटं कॉलेज बघून आला. तिथल्या प्रोफेसरीणबाईंनी त्याच्या हातात एक दगड दिला आणि विचारलं, तुला यात काय दिसतं? हा पोरगा तासभर बोलला म्हणे. घरी आल्यावर आईला म्हणाला, “दे नो एव्हरीवन्स नेम, आई.” नंदानं मला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा डॉक्टरनं रिपोर्ट दाखवल्यासारखा झाला होता.

“काका, सगळ्यांची नावं माहीत असतात म्हणजे किती लहान असेल हो ते!”

तर प्रश्न एवढाच होता. पुढची चार वर्षं हा पोरगा पाचशे डोक्यांच्या वर्गात शेवटच्या रांगेत तोंड मिटून बसणार, की बारा जणांच्या वर्गात बोलणार. त्या घरात हा प्रश्न फक्त पोराला पडला होता. आईबापांना पडलेला प्रश्न वेगळा होता: मंडळात सांगायचं काय?

ऑक्टोबरात सुमित्राबाईंना घरी बोलावलं. कांदेपोहे केले होते; बाईंना त्याशिवाय मुलाचा अंदाज येत नाही. मलाही बोलावलं, कारण वडीलधारं माणूस असलेलं बरं दिसतं आणि नंदाचे पोहे उरतात.

बाईंनी पोह्यांवर लिंबू पिळलं आणि अक्षतला आपादमस्तक न्याहाळलं. “काय रे, आवड कशाची?”

“जिऑलॉजी.”

“म्हणजे?”

“दगड,” अमितनं खालच्या आवाजात सांगितलं. पोराला गांजाची सवय आहे, हे सांगतानासुद्धा बापाचा आवाज एवढा खाली गेला नसता.

“असू दे,” बाई उदारपणे म्हणाल्या. “लग्नाआधी प्रत्येकाचं काहीतरी असतंच.”

मग त्यांनी योजना मांडली. नोव्हेंबर लागता लागता एका कॉलेजात पक्का अर्ज करता येतो. प्रवेश मिळाला तर तिथेच येईन, दुसरीकडे जाणार नाही, असं लिहून द्यायचं. याला इथे अर्ली डिसिजन म्हणतात. निकाल लवकर लागतो, आणि असं लिहून देणाऱ्या पोरांना घ्यायला कॉलेजंही थोडी जास्त राजी असतात.

“म्हणजे साखरपुडाच,” बाई म्हणाल्या. “चारूच्या युनिव्हर्सिटीत साखरपुडा करून टाका. मोठं स्थळ आहे.”

“आणि काकू, ते छोटं कॉलेज?” नंदानं विचारलं. “हा तेच धरून बसलाय.”

“तिथेही करा.”

“दोन्हीकडे?”

“अगं, बोलणी कायम दोन ठिकाणी चालू ठेवावीत. एक फिसकटलं तर दुसरं हाताशी. मी आयुष्यभर हेच केलं.”

अक्षतनं मान वर केली. “यू कान्ट डू दॅट. इट्स बाइंडिंग. एकच करता येतं. मी साइन करतो, पेरेंट साइन करतो, स्कूलची काउन्सिलर साइन करते.” त्या वर्षात त्या घरात तो एका दमात बोललेलं हे सगळ्यात मोठं वाक्य असावं.

“सह्यांचं काय सांगतोस!” बाई हसल्या. “आमच्यात याद्या होतात. देणं-घेणं, मानपान सगळं कागदावर, खाली दोन्हीकडच्या सह्या, वर कुंकू. तरी मोडायचं ते मोडतंच. कागद फाडायला कितीसा वेळ लागतो?”

“दॅट्स लाइंग, आजी.”

“अक्षत!” नंदा ओरडली. “मोठ्यांशी असं बोलतात?”

मला राहवलं नाही. “सुमित्राबाई, दोन्हीकडून होकार आला तर? कमरेपर्यंत इकडे आणि कमरेखाली तिकडे?”

“तुम्हाला अजून शेंगदाणे चावतात का हो, काका?” बाई म्हणाल्या आणि माझी बशी स्वतःच्या हातानं दूर सरकवली.

ऑफिसात अनोळखी ईमेलवर बोट ठेवायलाही घाबरणाऱ्या अमितनं त्याच आठवड्यात दोन्ही साखरपुड्यांवर सही केली. छोट्या कॉलेजाचा अर्ज पोरानं मनापासून लिहिला होता. मोठ्या युनिव्हर्सिटीचा बापानं शेजारी बसून लिहून घेतला. त्यात दगडांचा उल्लेख नव्हता.

त्यानंतर एका दुपारी मी इंडियन ग्रोसरीत कोथिंबीर निवडत होतो. शेजारी नंदा उभी. तिचा फोन वाजला. अक्षतच्या शाळेतल्या काउन्सिलर, मिस डेल्गाडो. फोनवर मोठ्यानं बोलणाऱ्या बायका मला फार आवडतात, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. डेल्गाडोबाई गोड आवाजात म्हणत होत्या की माझ्यासमोर एकाच मुलाचे दोन अर्ली डिसिजन आहेत, मी एकावरच सही करू शकते. सोमवारी सकाळपर्यंत कुठलं ते सांगा. नाही सांगितलंत तर एकाही ठिकाणी सही होणार नाही. आणि हे कॉलेजांना कळलं तर दोन्हीकडची दारं बंद होतील, हेही समजून घ्या.

“येस, येस, शुअर,” म्हणत नंदानं फोन ठेवला आणि हातातली जुडी भलत्याच बाईच्या ट्रॉलीत टाकून निघून गेली.

संध्याकाळी नवरा-बायको भडकमकरांच्या दारात हजर. तिथे काय झालं ते मला विष्णुपंतांकडून कळलं. विष्णुपंत घरात बोलत नाहीत, पण सकाळी माझ्याबरोबर फिरायला येतात तेव्हा तीस वर्षांचं तुंबलेलं बोलतात.

“त्या डेल्गाडोबाईला आपल्या पद्धती काय कळणार!” सुमित्राबाई म्हणाल्या.

“काकू, तिचं सोडा,” अमित म्हणाला. “सोमवारपर्यंत एकच ठेवायचंय. चारुदत्तला फक्त एवढं विचारा, आमचं नक्की करतो का? तो हो म्हणाला की छोटं कॉलेज आत्ताच्या आत्ता काढून टाकतो. विषय संपला.”

म्हणजे पोराची चार वर्षं आता एका भाच्याच्या होकारावर येऊन ठेपली. अक्षत गाडीतच बसून होता. आत यायला तयार नव्हता.

“फोनवर विचारतात का असलं काही!” बाई म्हणाल्या. “नोकरी जायची त्याची.”

“मग आम्ही जाऊन भेटतो. शुक्रवारी सुट्टी टाकतो. तसंही युनिव्हर्सिटी बघायचीच आहे.”

“भेटू नका.”

“का?”

“दृष्ट लागते,” त्या म्हणाल्या.

तेव्हा विष्णुपंत टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, “जाऊ दे की. भेटू दे त्याला.”

बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की विष्णुपंतांनी आवाज वाढवला. टीव्हीचा.

शुक्रवारी पहाटेच तिघं निघाले. अमितनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि नंदाच्या हातात चकल्यांचा डबा होता. स्थळ बघायला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये. रात्री परतले तेव्हा चकल्यांचा डबा नव्हता. शनिवार-रविवार पडदे बंद. सोमवारी मिस डेल्गाडोंनी छोट्या कॉलेजाच्या अर्जावर सही केली. मोठ्या युनिव्हर्सिटीचा अर्ज मागे घेतला.

मग फ्रिस्कोला काय सण! मंदिराच्या पार्किंगमध्ये तीन दिवस दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे, भाच्यानं अमितचा शर्ट बघूनच नाही म्हटलं. कुणी म्हणे, गणितात एक ‘बी’ निघाला. एका जाणत्या बाईंनी तर छातीवर हात ठेवून सांगितलं की चकल्या मऊ पडल्या होत्या. अमितला विचारलं की तो म्हणे, “फिट नव्हतं.” पँट परत करताना काउंटरवर सांगतात तसं. सुमित्राबाईंना विचारलं की त्या डोळे मिटत.

डिसेंबरात छोट्या कॉलेजाचं उत्तर आलं. घेतलं होतं. अक्षत जिन्याच्या पायरीवर बसून रडला म्हणे. अमित मात्र दोन दिवस हात पाठीमागे बांधून अंगणात फिरत होता. त्याला सांगायची गोष्ट सापडत नव्हती. तिसऱ्या दिवशी सापडली.

“जिऑलॉजी म्हणजे काय यार, ऑइल अँड गॅस!” तो मंडळात प्रत्येकाला धरून सांगायला लागला. “आणि आपण बसलोय कुठे? टेक्सासमध्ये!”

पोराला जन्मभर बर्फाच्या नद्यांमागे हिंडायचंय. बापानं ते ऐकलंय. पण बर्फात सांगण्यासारखं काही नाही.

आणि आमच्या सुमित्राबाई? तुम्हाला वाटलं असेल, तोंड लपवून बसल्या असतील. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या पहिल्या रांगेत होत्या. “मीच म्हटलं होतं ना, तिथेही करा म्हणून?” त्या पन्नास बायकांसमोर म्हणाल्या. “सरनोबतांचं मीच जमवलं.” आणि नंदा, जिला खरं काय ते माहीत होतं, तिनं सगळ्यांत पुढे होऊन त्यांची ओटी भरली. साडीसकट. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “जाऊ द्या ना काका, आपलंच हसं होतं.” पुढच्या वर्षीच्या मुलांचे आईबाप तिथेच पोह्यांच्या तारखा ठरवून गेले. त्यांत तो बुटांकडे बघणारा बापही होता. त्याला मुलीसाठी खानदानी हवं होतं. मुलगी अजून घरजावई व्हायलाच तयार होती, पण तिला कोण विचारतो!

ऑगस्टमध्ये अक्षत निघायच्या आधी नमस्कार करायला आला. मी त्याला सरळ विचारलं, “त्या शुक्रवारी काय झालं रे?” त्याला शपथ वगैरे कुणी घातली नव्हती. त्याला इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं. तो खुर्चीत नीट बसला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बोलला. ॲडमिशन ऑफिसच्या खिडकीत त्यांनी चारुदत्तचं नाव सांगितलं. तिथल्या मुलीनं कॉम्प्युटरवर शोधलं आणि त्यांना मैदानापलीकडच्या दुसऱ्या इमारतीत पाठवलं. तिथे तो त्यांना भेटला. चांगला बोलला. चकल्या ठेवून घेतल्या. आणि विचारलं ते त्यानं सांगून टाकलं.

चारुदत्त त्या युनिव्हर्सिटीत पार्किंगच्या खात्यात नोकरीला आहे. ॲडमिशन ऑफिसात तो कुणाला ओळखत नाही, आणि त्यानं आजवर कुणासाठी शब्द टाकलेला नाही, कारण मावशीनं त्याला तसं कधी सांगितलंच नाही. त्याचं लग्न मावशीनं जमवलं होतं. ते वर्षभरात मोडलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं नाही.